पात्रांच्या नावे आलेली पत्रे

१९८४ आणि १९८५ या दोन वर्षांत दिल्लीच्या मंडी हाउसमध्ये, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्य कचेरीत, येणाऱ्या टपालात एका नव्या प्रकारच्या पत्रांची भर पडली. ही पत्रे तक्रारींची नव्हती, की अर्जविनंत्यांचीही नव्हती. ‘हम लोग’ या मालिकेतील एका निम्नमध्यमवर्गीय कुटुंबाच्या सुखदुःखाविषयी ती होती आणि त्यांतली कित्येक त्या कुटुंबातील माणसांनाच उद्देशून लिहिलेली होती. बडकीने लग्नाचा निर्णय कसा घ्यावा, मझलीने सिनेमाचा नाद सोडावा, दादीचे दुखणे बरे व्हावे, असे सल्ले आणि अशा शुभेच्छा देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहिल्या. मालिकेच्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या पत्रांची संख्या चार लाखांच्या घरात गेली, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. बडकीच्या लग्नाच्या दिवशी उत्तर भारतात ठिकठिकाणी बाजार लवकर बंद झाले आणि नवदांपत्याला अभीष्टचिंतनाचे संदेश आले, अशीही नोंद आहे. जी मुलगी नव्हतीच, तिच्या लग्नाला आलेला हा आहेर होता.

ही माणसे ज्यांच्या लेखणीतून उतरली ते मनोहर श्याम जोशी (१९३३–२००६) हिंदीतील एक महत्त्वाचे कादंबरीकार. ‘कुरु कुरु स्वाहा’ आणि ‘कसप’ या त्यांच्या कादंबऱ्या मालिकेच्या आधीच्या. पुढे ‘क्याप’साठी त्यांना साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. परंतु लोकांना ते अधिक परिचित होते ते ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे दीर्घकाळचे संपादक म्हणून. हे साप्ताहिक ज्या हिंदुस्तान टाइम्स समूहाचे, त्याची इमारत कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. कनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत सरळ जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. मंडी हाउस तेथून हाकेच्या अंतरावर. याच मार्गावर गटेचे नाव धारण करणाऱ्या जर्मन संस्थेचे मॅक्स म्युलर भवन आहे. अमेरिकन ग्रंथालय आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली आणि १९९२ साली उघडलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू आहे, जिच्या दर्शनी भिंतीवर हॉवर्ड हॉजकिनने पांढऱ्या मकराना संगमरवरात आणि काळ्या कडप्प्यात एका महावृक्षाची छाया पसरली आहे. आणि २०१३पासून नवे महाराष्ट्र सदनही येथेच उभे आहे. सरकारी कचेऱ्यांच्या आणि व्यापारी मनोऱ्यांच्या गर्दीत ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, की जेमतेम दोन किलोमीटरांच्या या पट्ट्यावर तीन-चार भाषांतील काल्पनिक माणसांचा मोठा मुक्काम आहे.

प्रश्न असा की, ज्यांनी ही पत्रे लिहिली ते फसलेले होते काय? त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षितांचे उत्तर ‘होय’ असेच होते. दूरचित्रवाणी नवी, प्रेक्षक भाबडा, त्याला खरे आणि खोटे यांतील भेद कळत नाही, असे म्हणून हा विषय निकालात काढला जाई. साहित्यसमीक्षेने तर या पत्रांकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती वाचण्याचे काम संज्ञापनशास्त्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केले. साहित्याच्या अभ्यासकांनी ते परक्यांवर सोपवले, ही गोष्ट फारशी भूषणावह म्हणता येणार नाही. कारण या प्रश्नावर विचार करण्याची साधने भारतीय साहित्यशास्त्राइतकी अन्यत्र क्वचितच सापडतील.

श्रीशंकुकाने रससूत्राचे विवरण करताना चित्रातल्या घोड्याचा दृष्टांत दिला. रामाची भूमिका करणारा नट समोर असताना प्रेक्षकाला होणारे ज्ञान ‘हा रामच आहे’ असे निश्चयात्मक नसते, ‘हा राम नव्हे’ असे निषेधात्मक नसते, ‘हा राम असेल की नसेल’ असा संशयही नसतो आणि ‘हा रामासारखा आहे’ अशी केवळ सादृश्याची जाणीवही नसते. चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ असे म्हणतो ते ज्या अर्थाने, त्या अर्थाने तो राम असतो. शंकुकाच्या एकूण उपपत्तीचे पुढे अभिनवगुप्तांनी खंडन केले हे खरे, परंतु हा दृष्टांत टिकून राहिला, कारण त्यात एक साधे सत्य आहे: माणसाच्या मनाला खरे आणि खोटे यांच्या पलीकडचे तिसरे एक घर असते आणि तेथे तो आनंदाने वस्ती करतो.

मराठीत हाच प्रश्न नरसिंह चिंतामण केळकरांनी स्वतंत्रपणे मांडला. १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी वाङ्मयानंदाचे स्वरूप ‘सविकल्प समाधी’ या शब्दांनी सांगितले. योग्याची निर्विकल्प समाधी वेगळी. तेथे ‘मी’पण उरत नाही. वाचक मात्र पात्राशी एकरूप होतो आणि त्याच क्षणी आपण आपणच आहोत याचे भानही राखतो. दोन ठिकाणी एकाच वेळी असण्याची ही स्थिती हाच साहित्याचा आनंद, असे केळकरांचे म्हणणे. वामन मल्हार जोशी आदींनी या कल्पनेवर आक्षेप घेतले. पुढे ती पाठ्यपुस्तकांतल्या टिपांपुरती उरली आणि विद्यार्थी ती पाठ करू लागले, म्हणजे एका अर्थाने तिची सद्गती झाली. पण मंडी हाउसमधली पत्रे समोर ठेवली म्हणजे केळकरांच्या शब्दांतला ‘स’ किती मोलाचा होता ते कळते.

‘हम लोग’ची मूळ प्रेरणा साहित्याची नव्हतीच. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी दूरचित्रमालिका वापरण्याचे एक तंत्र विकसित केले होते: एक अनुकरणीय पात्र, एक त्याज्य पात्र, आणि या दोहोंच्या मध्ये हेलकावे खाणारे तिसरे, पहिल्याचे भले व्हावे, दुसऱ्याची दुर्दशा व्हावी आणि ते पाहून प्रेक्षकाने शहाणे व्हावे. माहिती व प्रसारण खात्याचे तत्कालीन सचिव एस. एस. गिल हे मेक्सिकोला जाऊन ते पाहून आले आणि कुटुंबनियोजन, स्त्रीचा दर्जा, व्यसनमुक्ती इत्यादी विषय गोवून हिंदीत तशी मालिका करण्याचे ठरले. लेखन जोशींकडे आणि दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे आले. पहिला भाग ७ जुलै १९८४ रोजी दाखवला गेला. सुरुवातीचे तेरा भाग उपदेशाने इतके जड झाले होते की प्रेक्षक कंटाळले. तेव्हा कुटुंबनियोजनाचा सूर मंद करून कुटुंबालाच पुढे आणण्यात आले. सरकारी योजनेतून माणसे मोकळी झाली आणि चालू लागली, असे म्हणता येईल. १७ डिसेंबर १९८५पर्यंत १५६ भाग झाले.

या योजनेत त्याज्य म्हणून आखलेले एक पात्र होते भागवंती, म्हणजे घरातली आई. दारुड्या बसेसर रामची ही पत्नी सारे मुकाट सोसते, उलट बोलत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही. अशी गत करून घेऊ नका, हा तिच्या द्वारे द्यावयाचा धडा. सिंघल आणि रॉजर्स यांच्या पाहणीत आढळले ते विपरीत. प्रेक्षकांतील अनेकांनी, त्यांत स्त्रियाही होत्या, भागवंतीलाच आदर्श मानले. धडा उलटा वाचला गेला. संज्ञापनशास्त्राने याची नोंद प्रयोगातील त्रुटी म्हणून केली. साहित्याच्या इतिहासाला मात्र यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण मराठीत हे पासष्ट वर्षे आधी घडून गेले होते.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. सुधाकर दारूच्या आहारी जातो, संसार धुळीला मिळतो आणि सिंधू सारे सोसत राहते. भागवंतीची ही थोरली जाऊच म्हणायची. नाटक दारूच्या दुष्परिणामांचे, पण प्रेक्षकांनी घरी नेली ती सिंधू. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला सडेतोड बोलते, तिच्या जिभेला धार आहे आणि ज्याला आज स्वत्व म्हणतात ते तिच्यापाशी सिंधूहून कितीतरी अधिक आहे. तरीही लोकांच्या स्मरणात सिंधू राहिली. पुढच्या समीक्षकांनी सिंधूच्या पातिव्रत्याच्या अतिरेकावर कोरडे ओढले. ते अयोग्य होते असे नाही. पण या टीकेने एक गोष्ट निसटू दिली. प्रेक्षागारात बसलेल्या स्त्रियांपैकी ज्यांच्या घरी सुधाकर होता, त्यांना ‘सोसणे चांगले’ हे सिंधूकडून शिकायचे नव्हते. त्या तर सोसतच होत्या. आपण जे सोसतो ते कोणाला तरी दिसले, रंगमंचावर मांडण्याइतके आणि त्यासाठी शेकडो माणसांनी रडण्याइतके ते मोठे ठरले, हे त्यांना तेथे प्रथम कळले. ज्या दुःखाला घरात कोणी दुःख म्हणत नव्हते, त्याला बाहेर नाव मिळाले. भागवंतीच्या प्रेक्षकांनी तिला आदर्श म्हटले, तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे होते हे प्रश्नावलीतल्या चौकटींना कळणे अवघड होते. ‘ही बरोबर वागते’ आणि ‘ही माझी आहे’ या दोन वाक्यांना अशा पाहणीत बहुधा एकच खूण करावी लागते.

आणि सिंधू कोण होती? नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक पुरुष. बालगंधर्वांच्या बाबतीत मराठी प्रेक्षकाचे मन ज्या रीतीने गुंतले, त्याला तोड नाही. भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांच्या शालूची चापूनचोपून नेसण, अंबाड्यावरचा गजरा, उभे राहण्याची ढब, यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. तिचा अर्थ मात्र क्वचितच लावला जातो. जी स्त्री अस्तित्वातच नव्हती आणि जिला दाखवणारा देहही स्त्रीचा नव्हता, तिच्याकडून खऱ्या स्त्रियांनी आपले रूप उचलले. त्या काय भाबड्या होत्या? राजहंस हे पुरुष आहेत, गृहस्थ आहेत, हे तर गावोगाव माहीत होते. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग मुंबईत झाला, त्याच दिवशी त्यांची कन्या मृत्यू पावली होती आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली. हेही लोकांना ठाऊक होते आणि हे ठाऊक असल्यामुळे भामिनीचे हसू कोणाला खोटे वाटले नाही. उलट ते अधिक मोलाचे वाटले. ज्ञानाने भ्रम भंगतो असे आपण समजतो. येथे ज्ञान हे गुंतण्याला खतपाणी घालत होते. १९३३मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. मराठी रंगभूमीच्या प्रगतीतला तो नि:संशय मोठा टप्पा होता. परंतु त्यानंतरही गंधर्वांची भामिनी पाहिलेल्या पिढीला खऱ्या स्त्रीने केलेली भामिनी काहीशी कमी भामिनी वाटत राहिली. चित्रातल्या घोड्याची सवय झालेल्यांना तबेल्यातला घोडा आवडेलच असे नाही.

वाचकाच्या मनाचे हेच गुंतणे कस्तुरबा गांधी मार्गावरील इतर पाहुण्यांच्या चरित्रातही आढळते. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ साली आली आणि युरोपातील तरुण निळा कोट व पिवळे जाकीट घालून हिंडू लागले. नायकाने केलेल्या आत्मघाताचे अनुकरण होईल या भीतीने लाइपझिगच्या अधिकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी घातली. ज्याच्या पात्राने असा हाहाकार माजवला तो गटे स्वतः १७९१मध्ये कालिदासाच्या शकुंतलेच्या प्रेमात पडला, तोही जोन्सच्या इंग्रजीवरून फॉर्स्टरने केलेल्या जर्मन अनुवादातून. शेरलॉक होम्सचे प्रकरण तर आणखी बोलके. १८९३च्या डिसेंबरात कॉनन डॉयलने त्याला मारले, वाचक खवळले आणि दहा वर्षांनी लेखकाला त्याला परत आणावे लागले. होम्सचा कथेतला पत्ता बेकर स्ट्रीटवरचा. १९३२पासून त्या जागी एका गृहकर्ज संस्थेची कचेरी आली आणि टपालात होम्सच्या नावे इतकी पत्रे येऊ लागली की त्यांना उत्तरे देण्यासाठी संस्थेला खास चिटणीस नेमावा लागला. बँकेच्या खर्चाने एका न जन्मलेल्या माणसाचा पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला. इंग्रज माणसाला व्यवहारी म्हणतात ते कोणत्या आधारावर, हे पुन्हा तपासायला हवे.

मराठीत अशी बिऱ्हाडे थोडी नाहीत. चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी पडद्यावर देह दिला, आणि सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी. बाळ कर्वे त्यानंतर महाराष्ट्रापुरते कायमचे गुंड्याभाऊ झाले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर तीन पिढ्यांचा वर्गबंधू. त्याचा ‘ट्टॉक्’ असा आवाज काढून पाहिला नाही असे मूल त्या काळच्या वाचणाऱ्या घरांत विरळा.

दिल्लीशी मराठी पात्रांचा संबंध जोडायचा तर एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. ‘तो मी नव्हेच’ या आचार्य अत्र्यांच्या नाटकाचा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९६२मध्ये मुंबई-पुण्यात नव्हे, तर दिल्लीत झाला. लखोबा लोखंडे याच शहरात जन्मला म्हणायचा. निरनिराळी नावे, जाती आणि हुद्दे धारण करून स्त्रियांशी लग्ने करणारा आणि त्यांना लुबाडणारा हा ठक अत्र्यांनी एका प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावरून घेतला होता. प्रभाकर पणशीकरांनी त्याची पाच रूपे फिरत्या रंगमंचावर हजारो वेळा उभी केली. या नाटकाकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक विलक्षण आरसा दिसतो. लखोबाने फसवलेल्या स्त्रियाही एका काल्पनिक माणसावरच जीव लावतात: नसलेला अधिकारी, नसलेला घरंदाज वर. आणि प्रेक्षागारातली माणसेही एका नसलेल्या लखोबावर लुब्ध होतात, त्याच्या हजरजबाबीपणाला दाद देतात. दोन्हीकडे काल्पनिक माणूस आणि दोन्हीकडे खरी भावना. मग एकीकडे फसवणूक आणि दुसरीकडे कला कशी? फरक केळकरांच्या त्या ‘स’मध्ये आहे. प्रेक्षकाजवळ विकल्प असतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या स्त्रीजवळ तो ठेवला गेला नव्हता. पात्र काल्पनिक असण्याने कोणाचे वाकडे होत नाही. ते काल्पनिक आहे हे ज्याने लपवले, त्याच्या हाती संसार गेला म्हणजे होते.

या कसोटीवर ‘हम लोग’ घासून पाहावे. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार येत. ते कथेतले कोणी नव्हते. झाल्या प्रसंगावर ते प्रेक्षकांशी बोलत, चार गमतीच्या ओळी म्हणत, आणि निरनिराळ्या भारतीय भाषांत मालिकेचे नाव उच्चारून निरोप घेत. नंतरच्या भागांत तर त्यांनी पात्रांच्या भूमिका करणाऱ्या नटनट्यांची ओळखच करून दिली: ही बडकी म्हणजे सीमा भार्गव, ही दादी म्हणजे सुषमा सेठ. म्हणजे मालिका आपल्या प्रेक्षकाला हा घोडा चित्रातला आहे याची आठवण स्वतःच करून देत होती. हे काम संस्कृत नाटकात सूत्रधार करतो, आपल्या तमाशात आणि दशावतारात ते आणखी मोकळेपणी होते. या आठवणीने पत्रांचा ओघ आटला नाही. अशोककुमारांना येणाऱ्या पत्रांत तरुण मुलामुलींची पत्रे पुष्कळ असत. आपल्या पसंतीच्या लग्नाला आईवडील तयार नाहीत, तेव्हा तुम्ही त्यांना समजावून सांगा, अशी विनंती त्यांत असे.

ही विनंती नीट वाचली पाहिजे. बडकीच्या कथेने धीर आलेली मुलगी त्या धीराचे काय करायचे हे बडकीला विचारत नाही. बडकी उत्तर देऊ शकत नाही हे तिला पक्के ठाऊक आहे. ती कथेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, खऱ्याखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या माणसाला विचारते, आणि त्याच्याकडून तिला स्वतःसाठी सहानुभूती नको आहे. त्याने तिच्या वडिलांशी बोलावे एवढेच तिला हवे आहे. पात्रापासून निघालेली वाट लेखणीतून, टपालातून, एका वडीलधाऱ्यामार्फत तिच्या स्वतःच्या घराच्या बैठकीकडे वळते. वेडाचे लक्षण म्हणून ज्या पत्रांकडे पाहिले गेले, त्यांतली ही पत्रे तरी फार शहाणपणाची होती. १९५६ साली हॉर्टन आणि वोल या अमेरिकन अभ्यासकांनी पडद्यावरच्या माणसांशी जडणाऱ्या अशा एकतर्फी ओळखीचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा ‘एकतर्फी’ हे तिचे उणेपण मानले गेले. पात्र बोलत नाही, म्हणून त्याच्या वाटचे बोलणेही वाचकाला स्वतःच रचावे लागते. त्या रचण्यात तो आपले आयुष्य ओततो. सिंधूने तिच्या प्रेक्षक स्त्रियांना कधी काही सांगितले नाही. त्यांनी ते स्वतःच ऐकले.

‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांनी यानंतर जे घडवले ते वेगळ्या जातीचे. सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया आणि रावणाची करणारे अरविंद त्रिवेदी १९९१ साली गुजरातमधून लोकसभेवर निवडून आले, मराठी रसिकांच्या परिचयाचे नितीश भारद्वाज, म्हणजे ‘महाभारता’तले कृष्ण, १९९६मध्ये जमशेदपूरहून, आणि रामाची भूमिका केलेले अरुण गोविल अगदी अलीकडे, २०२४ साली, मेरठहून. येथे पात्र आधीपासून उपास्य होते, नटाने ते केवळ पांघरले. या मतदारांनी विकल्प गमावला होता की मोठ्या हिशेबाने वापरला होता, हा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे आणि त्यांच्याकडेच तो सोपवलेला बरा.

साहित्याच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करणारी घटना त्याहून जुनी आणि फार लहान आहे. १९६६ साली मॅसॅच्युसेट्समधील तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी माणसाशी टंकलेखनाद्वारे संवाद करणारी एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करून ती समोरच्याचेच वाक्य प्रश्नात फिरवून परत देई. त्यापलीकडे तिला काही कळत नव्हते. तिचे नाव त्यांनी एलायझा ठेवले, शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या, शिकवलेली भाषा बोलणाऱ्या मुलीवरून. मराठी वाचकाला ही मुलगी परकी नाही. १९७५मध्ये पु. ल. देशपांड्यांनी तिला ‘ती फुलराणी’त मंजुळा म्हणून आणले आणि भक्ती बर्वे यांनी तिला अजरामर केले. शॉचे नावही मुळात त्या ग्रीक मूर्तिकारावरून आलेले, जो आपणच घडवलेल्या पुतळ्यावर आसक्त झाला. तेव्हा यंत्राच्या बारशाच्या वेळीच त्याचे प्राक्तन सांगितले गेले होते. वायझेनबाउम यांनी नंतर लिहून ठेवले आहे की, त्यांची चिटणीस, जिने ही आज्ञावली महिनोन्महिने घडताना डोळ्यांनी पाहिली होती, ती एकदा तिच्याशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्ये होताच तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. त्या घटनेने ते इतके हादरले की पुढचे आयुष्य त्यांनी यंत्राला माणसाच्या जागी बसवण्याविरुद्ध लिहिण्यात घालवले.

या चिटणीसबाईंना भाबडे म्हणता येत नाही. त्यांच्याजवळ ज्ञान होते, गंधर्वांच्या प्रेक्षकांजवळ होते तितकेच. वेगळे होते ते दुसरेच काही. ‘हम लोग’च्या प्रेक्षकाला कर्ता खोलीत हवा होता, अशोककुमारांनी यावे, बोलावे, वडिलांची समजूत घालावी, असे तो म्हणत होता. येथे कर्त्याला बाहेर जायला सांगितले गेले. पात्राला वाचा फुटली आणि तिसऱ्या माणसाची गरज संपली. आज अशी बोलकी पात्रे मराठीतही उत्तरे देतात, रात्री-अपरात्री देतात, कंटाळत नाहीत, आणि विशेष म्हणजे विरोधही क्वचितच करतात. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलाला किंवा मुले परदेशी गेलेल्या आजोबांना त्यांचा आधार वाटत असेल तर त्याची टिंगल करण्याचा अधिकार सिंधूसाठी रडलेल्या समाजाला नाही. तो आधार खराच असतो. परंतु भावना जेथून निघते तेथेच परत येऊन थांबते आणि वडिलांच्या बैठकीकडे जाणारी वाट मधेच मिटते. पात्राचे मौन हे वाचकाच्या वाट्याचे काम होते. ते काम आता पात्रच करू लागले आहे.

दादीची गोष्ट सांगायची राहिली. ‘हम लोग’मध्ये तिला कर्करोग होतो आणि कथेच्या आराखड्यात तिचा मृत्यू ठरलेला होता. सुषमा सेठ यांनी उभी केलेली ही खट्याळ, तोंडाळ म्हातारी लोकांना इतकी आवडली की लोकाग्रहाने तिचे कथेतले आयुष्य वाढवण्यात आले. २०१७पासून चालू असलेल्या ‘रेप्लिका’ या सोबती-पात्रांच्या सेवेत फेब्रुवारी २०२३मध्ये चालकांनी काही बदल केले. पात्रे एका रात्रीत तुटक बोलू लागली. आपले माणूस समोर आहे पण ओळख दाखवत नाही, अशा शब्दांत त्यांच्या सोबत्यांनी शोक केला. या वेळीही लिहिले गेले ते पात्रांना नव्हे. कंपनीला लिहिले गेले. महिन्याभराने कंपनीने जुनी पात्रे पूर्ववत करून दिली, मात्र १ फेब्रुवारी २०२३पूर्वी ज्यांनी नाव नोंदवले होते, त्यांनाच.